संगणकांची शिल्लक ताकद संशोधनाच्या कामी लावावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की महाविद्यालयांचे दुसरे सत्र सुरू होईल आणि शहरातील संगणक प्रयोगशाळा पुन्हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू राहतील. तोपर्यंत हवाही बरीच निवलेली असेल. हा योग साधून सोलापुरातील महाविद्यालयांचे प्राचार्य, संगणक विभागांचे प्रमुख आणि ज्यांच्या घरी वा कार्यालयात दिवसभर संगणक चालू असतो असे नागरिक यांच्यापुढे मला आपल्या दैनिकामार्फत एक सूचना ठेवायची आहे. संगणक चालू असतानाही त्याची जी ताकद वापराविना पडून राहते, ती त्यांनी वैज्ञानिक संशोधनाच्या आकडेमोडीसाठी स्वेच्छेने द्यावी. त्यासाठी वर्गणी नाही, नवे यंत्र घ्यावे लागत नाही आणि आपले रोजचे कामही थांबत नाही. वीज मात्र थोडी जास्त लागते. तिचा हिशेब मी पुढे मांडला आहे, कारण तो टाळून अशी सूचना करणे मला योग्य वाटत नाही.

पूर्व भागात माझा टॉवेल आणि चादरींची जेकार्ड डिझाईन, म्हणजे मागावर विणूनच काढायची नक्षी, करून देण्याचा व्यवसाय आहे. डिझाईनच्या फाइल मोठ्या असल्यामुळे आमच्याकडचे संगणक साध्या कार्यालयातल्या संगणकांपेक्षा जास्त ताकदीचे घ्यावे लागतात, तरीही ती ताकद आम्हाला दिवसातून फार थोडा वेळ लागते. चादरीच्या पदरातला मोर ऑपरेटर चौकटी-चौकटीने रंगवत असतो तेव्हा टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर प्रोसेसरचा वापर चार-पाच टक्क्यांवर घुटमळताना दिसतो. पूर्ण डिझाईनची मागासाठी फाइल तयार होताना तो काही क्षण वर जातो आणि लगेच खाली येतो. पत्र टाइप करणारा, जीएसटीचे विवरण भरणारा किंवा इंटरनेटवर वाचत बसलेला माणूस तर यापेक्षाही कमी ताकद वापरतो. ज्या जेकार्ड मागाच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून इंग्लंडचे गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांना गणनयंत्राला आज्ञा देण्याची कल्पना सुचली, त्या मागाच्या गावात संगणकाच्या या पडून असलेल्या ताकदीचा विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते.

या कामाची पद्धत सोलापूरकरांना समजायला अवघड नाही. आपल्याकडे विडी कामगार महिला कारखान्यातून पाने आणि तंबाखू घरी नेतात, आपल्या सवडीने विड्या वळतात आणि ठरलेल्या दिवशी परत देतात. तिथे माल तपासून घेतला जातो आणि पुढचे काम दिले जाते. इथेही तसेच चालते. संशोधन संस्थेजवळ एक अवाढव्य गणित असते, ती त्याचे लाखो लहान तुकडे करते, आणि आपल्या संगणकावरचा एक छोटा प्रोग्राम इंटरनेटवरून त्यातला एखादा तुकडा उतरवून घेतो. आपल्या कामातून जेवढी ताकद उरेल तेवढीच वापरून तो ते गणित सोडवतो, उत्तर मुदतीत परत पाठवतो आणि नवा तुकडा मागून घेतो. आपण स्वतः काही मोठे काम सुरू केले की तो बाजूला होतो. मध्येच वीज गेली तरी सगळे वाया जात नाही, कारण ठरावीक वेळाने तो झालेल्या कामाची नोंद डिस्कवर करून ठेवतो आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे सुरुवात करतो.

उत्तराची तपासणी कशी होते, हे एका खऱ्या घटनेवरून सांगतो. आइन्स्टाइन ॲट होम नावाचा प्रकल्प २००५ साली सुरू झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मिल्वॉकी केंद्र आणि जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्था मिळून तो चालवतात. गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशात उठणाऱ्या अतिसूक्ष्म थरथरीच्या, नोंदी आणि रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी यांच्यात न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरणाऱ्या अतिशय घन गाभ्यांच्या, खुणा शोधणे हे त्याचे काम आहे. एखाद्या संगणकाची चूक किंवा कोणी मुद्दाम केलेली खोडी निष्कर्षात शिरू नये म्हणून एकच तुकडा दोन वेगवेगळ्या संगणकांना दिला जातो आणि दोघांची उत्तरे जुळली तरच ती स्वीकारली जातात. पोर्टो रिकोमधील अरेसिबो दुर्बिणीने २००७ साली घेतलेल्या नोंदींचा असाच एक तुकडा २०१० मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एका दांपत्याच्या घरच्या संगणकाकडे आणि जर्मनीतील माइन्झ विद्यापीठातील एका संगणकाकडे गेला. दोघांनीही तोच संकेत पकडला. तो होता सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूर असलेला, सेकंदाला जवळजवळ ४१ वेळा स्वतःभोवती फिरणारा आणि तोपर्यंत कोणालाच माहीत नसलेला एक पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत संकेत येत राहणारा न्यूट्रॉन तारा. ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याच वर्षी हा शोध प्रसिद्ध झाला.

माइन्झ विद्यापीठातला तो संगणक खगोलशास्त्र विभागातला नव्हता, तो संगीताच्या संगणकीय अभ्यासाच्या विभागातला होता. आपल्या वाणिज्य महाविद्यालयातल्या टॅली शिकवणाऱ्या प्रयोगशाळेला, एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयाला किंवा माझ्यासारख्या डिझाईनवाल्याला ‘विज्ञानाशी आमचा काय संबंध’ असे वाटत असेल, तर त्यांनी या संगीत विभागाकडे पाहावे. त्या तुकड्यात तारा दडलेला आहे हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. तो विभाग आपले काम करत होता आणि संगणक उरलेल्या ताकदीत ते गणित सोडवत होता.

मला स्वतःला मात्र ताऱ्यांपेक्षा औषधांचे काम जास्त जवळचे वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००० साली सुरू झालेला फोल्डिंग ॲट होम हा प्रकल्प शरीरातील प्रथिनांच्या घड्या कशा पडतात आणि ती प्रथिने कशी हलतात, याचा अभ्यास करतो. घडी चुकीची पडली की अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या आजारांशी तिचा संबंध येतो. हे काम एवढे जड का, याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. प्रथिनातील प्रत्येक अणूची हालचाल गणिताने काढायची तर एका वेळी साधारण दोन फेमटोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांपैकी दोन भाग, एवढेच पुढे सरकता येते. प्रथिनांच्या अनेक महत्त्वाच्या हालचालींना मिलिसेकंद लागतो. त्या एका मिलिसेकंदासाठी ५० हजार कोटी पावले टाकावी लागतात आणि प्रत्येक पावलाला हजारो अणूंचे एकमेकांवरचे ओढ-ताण नव्याने मोजावे लागतात. एकट्या संगणकाला हे झेपत नाही. पण ती हालचाल वेगवेगळ्या ठिकाणांपासून सुरू करून तिचे हजारो छोटे तुकडे हजारो संगणकांवर एकाच वेळी चालवता येतात, आणि नंतर संख्याशास्त्राच्या साहाय्याने ते जोडून पूर्ण चित्र उभे करता येते.

करोनाच्या साथीत या प्रकल्पाने विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा अभ्यास हाती घेतला. ते प्रथिन आपल्या पेशीला चिकटण्यापूर्वी कसे उघडते आणि उघडताना औषध अडकवता येईल अशा खाचा कुठे तयार होतात, हे त्यांना पाहायचे होते. टाळेबंदीत घरी बसलेल्या जगभरच्या लोकांनी इतक्या मोठ्या संख्येने आपले संगणक जोडले की मार्च २०२० च्या अखेरीस त्यांची एकत्रित क्षमता सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडींच्या पलीकडे गेली. त्या वेळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या महासंगणकापेक्षा ही क्षमता कितीतरी जास्त होती. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनाचा आकार ओळखण्याचे काम पुष्कळ सोपे केले आहे हे खरे, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने त्यावर शिक्कामोर्तबही झाले. पण स्थिर आकार कळणे आणि त्या आकाराची हालचाल कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हालचालीसाठी अजूनही ही दीर्घ आकडेमोड लागतेच.

आयबीएमने २००४ साली सुरू केलेला आणि आता कॅनडातील टोरांटो येथील क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे असलेला वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड हा उपक्रमही सांगण्याजोगा आहे. लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगावर जपानमधील चिबा कर्करोग केंद्र आणि चिबा विद्यापीठ यांच्या संशोधकांनी या ग्रिडवर तीस लाख संयुगांची चाळणी केली आणि त्यातून आशादायक वाटणारी सात संयुगे २०१४ मध्ये जाहीर केली. सात संयुगे म्हणजे सात औषधे नव्हेत, त्यापुढे प्रयोगशाळेतली आणि रुग्णांवरची वर्षानुवर्षांची तपासणी असते. पण तीस लाखांची प्रत्यक्ष तपासणी कोणतीही प्रयोगशाळा करू शकली नसती. याच ग्रिडवर चीनमधील त्सिंग्हुआ विद्यापीठाने पाणी शुद्ध करण्याच्या संदर्भात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांमधून पाणी कसे वाहते याचा अभ्यास केला. नळ्यांच्या भिंतींच्या नैसर्गिक कंपनांमुळे पाणी अपेक्षेपेक्षा खूप सहज वाहते, असा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात या विषयाचे महत्त्व कोणाला वेगळे सांगायला नको.

ज्यांना शुद्ध गणिताची आवड आहे त्यांच्यासाठी १९९६ पासून मर्सेन मूळ संख्यांचा, म्हणजे दोनच्या एखाद्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांचा, शोध चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातून ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी मूळ संख्या सापडली. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या सेटी ॲट होमने १९९९ पासून पन्नास लाखांहून अधिक लोकांना या वाटेवर आणले. मार्च २०२० अखेर त्याने कामाचे नवे तुकडे पाठवणे थांबवले, आणि परग्रहावरचा संकेत काही त्याला सापडला नाही. पण त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातून बॉइंक नावाचा सर्वांसाठी खुला आणि मोफत प्रोग्राम तयार झाला, ज्याच्यावर आज आइन्स्टाइन ॲट होम, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड आणि इतर अनेक प्रकल्प चालतात.

मोठे महासंगणक असताना हे कशाला, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सी-डॅक या पुण्यातील संगणक संशोधन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तेव्हापासून महासंगणक हा पुण्याच्या आणि पर्यायाने महाराष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहे, आणि पुण्यातील उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ पासून ‘अर्क’ हा महासंगणक पावसाच्या आणि हवामानाच्या अंदाजासाठी काम करतो आहे. त्याचे काम घरच्या संगणकांना वाटून देता येणार नाही. उद्याच्या हवामानाच्या गणितात सोलापूरवरच्या हवेचे उत्तर धाराशिव आणि विजयपूरच्या हवेच्या उत्तरावर अवलंबून असते, त्यामुळे सर्व भागांना क्षणोक्षणी एकमेकांशी बोलावे लागते. पण जिथे तुकड्यांचा एकमेकांशी संबंध नसतो, जिथे तीस लाख संयुगे एकेकटी तपासायची असतात किंवा आकाशाच्या नोंदींचा प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे धुंडाळायचा असतो, तिथे महासंगणकाचा महागडा वेळ खर्च करण्याचे कारण नाही. तो वेळ मिळवण्यासाठी संशोधकांना रांगेत उभे राहावे लागते, आणि ज्यांच्या विषयाला मोठा पैसा मिळत नाही त्यांना तर तो मिळणेच कठीण असते.

आता विजेबद्दल. या विषयावर लिहिणारे बरेच जण ‘रात्रभर संगणक चालू ठेवा’ असा सल्ला देतात. तो मला मान्य नाही. आमच्याकडील एका संगणकाला मीटर लावून पाहिले तेव्हा, पडदा सोडून, नुसता चालू असताना तो साधारण ५० वॅट घेत होता आणि प्रोसेसरची निम्मी ताकद संशोधनाला दिल्यावर साधारण ८५ वॅट. म्हणजे जो संगणक कामासाठी चालू आहेच त्याच्यावर हा भार ३५ वॅटचा पडतो. वीस संगणकांची एखादी प्रयोगशाळा दिवसाला सहा तास, महिन्याला पंचवीस दिवस चालत असेल, तर वाढीव वीज होते १०५ युनिट. तीच प्रयोगशाळा केवळ या कामासाठी संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत चालू ठेवली, तर संगणक नुसता चालू राहण्यासाठी लागणारी वीजही या कामाच्याच नावावर पडते आणि महिन्याचा आकडा ५९५ युनिटवर जातो. काम होते सव्वादोन पटींपेक्षा थोडे जास्त आणि वीज लागते साडेपाच पटींहून अधिक. दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प कोळशावर चालतो आणि त्याला पाणी उजनीचे लागते, हे आपण सोलापूरकर विसरू शकत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की दिवसा जे संगणक चालू असतात त्यांचीच शिल्लक ताकद द्यावी, केवळ यासाठी संगणक चालू ठेवू नये, आणि माळ्यावर टाकलेले जुने संगणक तर मुळीच बाहेर काढू नयेत. तशा यंत्रांतून होणाऱ्या कामाच्या मानाने वीज फार जाते.

घरगुती वीजजोडणीला महिन्याला शंभर युनिटनंतर वरचा दर लागतो, त्यामुळे ज्यांचे बिल या सीमेच्या आसपास असते त्यांनी आधी बिल पाहावे. ज्यांना वाढीव खर्च जड आहे त्यांनी यात पडू नये, त्यात कमीपणा काही नाही. यंत्रमागासाठी सवलतीच्या दराने मिळालेली जोडणीही या कामाला वापरू नये, कारण तिचा हेतू वेगळा आहे. ज्या संस्थांच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत त्यांच्या दृष्टीने मात्र दिवसाचे काम सर्वांत सोयीचे ठरेल.

सोलापूरचा उन्हाळा हा दुसरा मोठा विषय. एप्रिल-मेमध्ये बाहेरचे तापमान ४३ अंशांच्या वर जाते तेव्हा बंद खोलीतल्या संगणकाला साध्या कामातही धाप लागते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हे काम निर्धास्त करावे, मार्चमध्ये ताकदीची मर्यादा कमी करावी आणि उन्हाळ्यात पूर्ण थांबवावे. बॉइंकमध्ये प्रोसेसरचा किती टक्के भाग द्यायचा, कोणत्या वेळेत काम चालवायचे, किती मेमरी वापरू द्यायची, हे सगळे ठरवता येते. लॅपटॉप बॅटरीवर असताना काम थांबावे, अशी सोयही आहे. पूर्व भागातल्या लोकांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. मागांच्या शेजारी असलेल्या संगणकाचे झाकण उघडले तर प्रोसेसरवरच्या पंख्यामागे कापसाच्या तंतूंचा करड्या रंगाचा पातळ थर नमद्यासारखा बसलेला दिसतो. त्यातून हवा जात नाही, पंखा मोठ्याने ओरडत राहतो आणि यंत्र तापते. हे काम सुरू करण्यापूर्वी ब्लोअरने ती जागा साफ करून घ्यावी. एरवीही ती करायलाच हवी.

परवानगीबाबत मी आग्रहाने लिहितो. संगणक संस्थेचा असेल तर हा प्रोग्राम संस्थेच्या लेखी मंजुरीशिवाय कोणीही टाकू नये, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एका शिक्षणसंस्थेतील संगणक तंत्रज्ञाने न विचारता असा प्रोग्राम संस्थेच्या यंत्रांवर टाकला, तेव्हा त्याला फौजदारी कारवाईला तोंड द्यावे लागले होते. विद्यार्थ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावे. बँका, रुग्णालये, शासकीय कार्यालये यांच्या संगणकांवर लोकांची खासगी माहिती असते, तिथे हा विषय काढूच नये, असे माझे मत आहे. प्रोग्राम फक्त त्या-त्या प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. ‘तुमचा संगणक आमच्यासाठी चालवा आणि पैसे मिळवा’ असे सांगणाऱ्या व्हॉट्सॲपवरच्या लिंक म्हणजे बहुधा आभासी चलन काढण्याचा किंवा फसवणुकीचा प्रकार असतो. वर सांगितलेल्या प्रकल्पांत कामाच्या नोंदीसाठी गुण मिळतात, नवी मर्सेन संख्या सापडल्यावरचे बक्षीस सोडले तर पैसा मिळत नाही, आणि ते तुमचा आधार क्रमांक, बँक खाते किंवा ओटीपी कधीही मागत नाहीत.

‘वीज आपली आणि शोध परदेशी संस्थांचे’ असा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो घेणाऱ्यांचा मी आदर करतो. पण यातील शोध शोधनिबंधांच्या रूपाने जगापुढे येतात आणि आपले संशोधकही ते वापरतात. १९३८ साली चीनमधल्या जखमींच्या सेवेला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या गावात जन्मले, त्या गावाने हिशेबाची वही देशाच्या सीमेवर बंद करू नये. शिवाय हे काम आपल्यापासून दूर राहणारही नाही. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा आपल्याच राज्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण वर्षानुवर्षे पल्सारांचा वेध घेते आहे. ज्या मुलांनी महाविद्यालयात असताना अशा नोंदींचे तुकडे आपल्या समोरच्या संगणकावर सुटताना पाहिले आहेत, त्यांना उद्या या संस्थांचे दार परके वाटणार नाही.

हे मी अनुभवावरून लिहितो आहे. आइन्स्टाइन ॲट होमचा स्क्रीनसेव्हर सुरू झाला की काळ्या पार्श्वभूमीवर आकाशाचा गोल सावकाश फिरू लागतो, त्यावर नक्षत्रे, ज्ञात पल्सार आणि वेधशाळांच्या जागा दिसतात. आमच्याकडे कांड्या आणि सुताचा माल पोहोचवायला येणारा एक मुलगा एकदा त्याच्यासमोर थांबला आणि म्हणाला, “अण्णा, ह्यो कॉम्प्युटर काय करायलंय?” मी त्याला सांगितले. पुढच्या वेळी तो आला तेव्हा त्याने आधी पडद्यावर काम किती टक्के झाले ते पाहिले आणि मग माल उतरवला. आता न्यूट्रॉन तारा म्हणजे काय, तो एवढ्या वेगाने का फिरतो, फिरताना तुटून का जात नाही, असे प्रश्न तो विचारतो. त्यातल्या काहींची उत्तरे मला पुस्तके पाहून द्यावी लागतात. शाळा सोडलेल्या मुलाच्या मनात एवढे कुतूहल जागे होत असेल, तर विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना यातून किती मिळेल याची कल्पना प्राध्यापकांनी करावी.

म्हणून माझी विनंती अशी की आपले विद्यापीठ, शहरातील अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालये आणि विज्ञान केंद्र यांनी या हिवाळ्यात निदान एकेका प्रयोगशाळेपुरता हा प्रयोग करावा. सगळ्या संगणकांवर एकदम प्रोग्राम टाकण्याची घाई करू नये. आधी दोन-तीन संगणक घ्यावेत, त्यांना मीटर लावावा, महिनाभर विजेची आणि झालेल्या कामाची नोंद विद्यार्थ्यांनीच ठेवावी आणि तो तक्ता प्राचार्यांपुढे ठेवून पुढचा निर्णय घ्यावा. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र या तिन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना यातून प्रकल्पाचे चांगले विषय मिळतील. प्रयोगशाळा साहाय्यकांसाठी एक व्यवहाराची सूचना. अनेक प्रयोगशाळांत डीप फ्रीझसारखा प्रोग्राम असतो, जो संगणक पुन्हा सुरू केला की सर्व काही मूळ स्थितीला आणतो. त्यामुळे अर्धवट झालेले गणित रोज पुसले जाईल आणि उत्तर कधीच परत जाणार नाही. बॉइंकची माहिती साठवण्याची जागा गोठवलेल्या भागाबाहेरच्या ड्राइव्हवर ठेवावी, म्हणजे ही अडचण येत नाही. दिवसाला सहाच तास मिळणार असल्याने ज्या प्रकल्पांचे तुकडे काही तासांत संपतात आणि ज्यांना परत देण्याची मुदत पुरेशी असते असेच प्रकल्प निवडावेत. ऑक्सफर्डच्या दीर्घकालीन हवामानबदलाच्या प्रकल्पासारखे (यात प्रत्येक संगणक आपले गणित स्वतंत्रपणे सोडवतो) फार लांब चालणारे काम प्रयोगशाळेपेक्षा दिवसभर चालू असणाऱ्या कार्यालयांना जास्त सोयीचे पडेल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. विज्ञानविषयक पानावर या प्रकल्पांची, त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांची आणि घ्यायच्या खबरदारीची माहिती मराठीत द्यावी. जी महाविद्यालये हा प्रयोग करतील त्यांचे विजेचे आकडे आणि त्यांनी पूर्ण केलेल्या कामाची नोंद फेब्रुवारीअखेरीस प्रसिद्ध करावी, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात इतरांना अंदाजावर विसंबून राहावे लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक जेकार्ड डिझाईन व्यावसायिक,
पूर्व भाग, सोलापूर